चामखीळ, रापण आणि एक मोडका विषाणू

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाल्यावर एका म्हाताऱ्या रापणकराने मला बोट दाखवलं. दोन चामखिळी, आणि भोवतीची कातडी काजूच्या टरफलाच्या तेलाने भाजून निघालेली. "मास्तर, ह्येचो कॅन्सर तर नाय ना होवचो?"

साध्या चामखिळीचा होत नाही. ती पॅपिलोमा विषाणूमुळे येते हे खरं, आणि त्याच घराण्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे भाऊबंद गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरतात हेही खरं. पण बोटांवरचे प्रकार वेगळे. बहुतेक चामखिळी आपल्या आपण जातात. म्हणून तर घोड्याच्या केसापासून नवसापर्यंत सगळेच तोडगे 'लागू पडतात'!

पण त्वचेच्या कर्करोगात विषाणूचा हात नसतोच असंही नाही. २००८ साली पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चांग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याच्या प्रयोगशाळेने मर्केल पेशींचा कर्करोग, हा त्वचेचा दुर्मीळ पण जहाल आजार, तपासायला घेतला. गाठीतले जनुकीय संदेश वाचले, त्यातून माणसाचे वजा केले. ओळखीचे मासे निवडून काढल्यावर जाळ्यात अनोळखी उरावा, तसा एक नवा विषाणू उरला. दहातल्या साधारण आठ गाठींत तो सापडतो.

गंमत अशी, की हाच विषाणू बहुतेक प्रौढांच्या कातडीवर निमूट राहतो. त्याची गोलाकार डीएनए-माळ जेमतेम ५,४०० अक्षरांची. स्वतःच्या प्रती काढायला पेशीची यंत्रसामग्री लागते, म्हणून त्याचं 'मोठं टी' प्रथिन पेशीतल्या 'आरबी' या ब्रेकला मिठी मारतं आणि विभाजनाचा रस्ता मोकळा होतो. याच प्रथिनाचं दुसरं टोक विषाणूच्या डीएनएची वेणी उकलून प्रती काढायला लावतं. कर्करोगासाठी दोन अपघात घडावे लागतात. विषाणूची माळ तुटून आपल्या गुणसूत्रात अडकते, आणि टी प्रथिनाचं ते दुसरं टोक छाटलं जातं. ते शाबूत राहिलं असतं तर आपल्याच गुणसूत्रात नको तिथे वेणी उकलत बसून पेशी मेली असती. छाटलं गेल्यामुळे पेशी जगते, ब्रेक मात्र निकामीच राहतो. विषाणूला यात काय मिळतं? काही नाही, त्याच्या प्रती निघणं कायमचं बंद. शिवाय एका गाठीतल्या सगळ्या पेशींत तो एकाच जागी अडकलेला दिसतो, म्हणजे तो गाठ वाढण्याआधीच आत होता.

विषाणू नसलेल्या गाठींच्या जनुकांत उन्हातल्या अतिनील किरणांचे व्रण खच्चून भरलेले असतात. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना हा आजार जास्त होतो. मात्र त्यावरून बाजारातले 'इम्युनिटी' काढे विकत घ्यायला धावू नका. न दुखणारी, झपाट्याने वाढणारी लालसर गाठ दिसली तर डॉक्टरांकडे धावा.

हे सगळं मी वाळूत काठीने आकृत्या काढून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"ता ऱ्हवांदे, मास्तर. त्याल लावू काय नको?"

"नको," मी म्हटलं.