परिषदेच्या पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायचंय? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

परिषद शुक्रवारी सुरू होते, रविवारी दुपारी समारोप होतो आणि कार्यक्रमपत्रिकेत शेवटी एक ओळ असते: 'सोमवार – अजिंठा भेट'. ही ओळ लिहिणाऱ्यानं कॅलेंडर पाहिलेलं नसतं. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. मी एका महाविद्यालयाच्या सहल समितीत होतो तेव्हा आमची बस अशाच एका सोमवारी अजिंठ्याच्या अलीकडं, गाड्या जिथं थांबवतात त्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला जाऊन उभी राहिली. पार्किंगमधला पेरूवाला आमच्याकडं बघून म्हणाला, "आज सोमवार हाय की सर." पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, तेवढीच अब्रू वाचली. शंभर किलोमीटर गेलो, शंभर किलोमीटर परत आलो.

म्हणून अर्जाआधी वार ठरवा. रविवारी समारोप असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, याच क्रमानं. एकच दिवस हातात असेल तर सोमवारी वेरूळ घ्या. ते छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे, वाटेत दौलताबाद लागतं आणि संध्याकाळची गाडी-विमान गाठता येतं. अजिंठ्याला जाता-येता पाच-सहा तास रस्त्यातच जातात, त्याला पूर्ण दिवस लागतोच.

अर्ज कुणाकडे?

साधी भेट असेल, म्हणजे तिकीट काढून आत जायचं, बघायचं आणि बाहेर यायचं, तर परवानगी लागत नाही. चाळीस माणसं असली तरी लागत नाही. तरीही पत्र द्यावं असं माझं मत आहे. मोठा गट येतोय हे तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी माहीत असलं की दारावरचा अर्धा गोंधळ होतच नाही. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, दौलताबाद किल्ला, औरंगाबाद लेणी ही सगळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आहेत. पत्र द्यायचं अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे; त्यांचं कार्यालय मकबऱ्याच्या आवारातच आहे. नळदुर्ग, परांडा हे किल्ले मात्र राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं येतात, तिकडचं पत्र वेगळं. धाराशिवच्या बाजूनं येणारे आयोजक इथं हमखास चुकतात आणि एकाच पत्रात सगळी ठिकाणं कोंबतात.

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा कुलसचिवांच्या सहीनं, जावक क्रमांकासह हवं. संयोजकाच्या सहीवर भागत नाही असं नाही, पण मग विचारणा होते. मजकूर पाच ओळींच्या वर नको:

'विषय: राष्ट्रीय परिषदेतील प्रतिनिधींच्या वेरूळ लेणी भेटीबाबत. महोदय, उपरोक्त परिषदेतील एकूण 41 प्रतिनिधी (भारतीय 35, परदेशी 6) अमुक तारखेस सकाळी 9 वाजता लेण्यांना भेट देणार आहेत. प्रतिनिधींची यादी सोबत जोडली आहे. संपर्कासाठी समन्वयकांचे नाव व भ्रमणध्वनी खाली दिला आहे. कृपया सहकार्य व्हावे.'

तिकीट आणि सवलतीची पात्रता

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. 'आम्ही विद्यापीठाकडून आलोय, आम्हाला फुकट' असं नसतं. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1959 च्या नियमांत शुल्कमाफीची तरतूद आहे, पण ती राज्य अतिथींसाठी आणि केंद्र किंवा संबंधित राज्य शासनानं प्रायोजित केलेल्या शिष्टमंडळासाठी आहे. माफी देण्याचा अधिकार पुरातत्त्व अधिकाऱ्याकडं असतो, दारावरच्या तिकीटवाल्याकडं नाही. परिषदेला सरकारी संस्थेचं अनुदान मिळालं म्हणजे प्रतिनिधी आपोआप शासनाचं शिष्टमंडळ ठरत नाहीत. मंत्रालयाचं किंवा शासकीय विभागाचं, या दौऱ्याचा आणि या माणसांचा उल्लेख असलेलं पत्र हातात असेल, तरच माफीचा अर्ज करा आणि तोही आठवडाभर आधी. नसेल तर मुकाट्यानं तिकीट काढा. त्यात कमीपणा काही नाही.

2018 च्या दरवाढीनंतर वेरूळ आणि अजिंठ्याला भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 600 रुपये पडतात. मकबरा आणि दौलताबादला 25 आणि 300. ऑनलाइन काढलं तर भारतीयांना 5 आणि परदेशींना 50 रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

आता बारकावा. सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची संघटना) यांतल्या देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, भूतान लोकांच्या लक्षात असतात. थायलंड आणि म्यानमार विसरतात. मराठवाड्यात बौद्ध अध्ययनाच्या परिषदा भरतात, त्यांना येणारे बरेचसे पाहुणे नेमके याच देशांतले. वरच्या पत्रातल्या 6 परदेशींपैकी 2 थायलंडचे धरा. वेरूळची खिडकीवरची तिकिटं 37 गुणिले 40 म्हणजे 1480 आणि 4 गुणिले 600 म्हणजे 2400, एकूण 3880 रुपये होतात. चेहरा बघून सहाही जणांना परदेशी धरलंत तर 5000. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलेल्यांनाही स्मारकांच्या प्रवेशशुल्कात भारतीयांची बरोबरी मिळालेली आहे. पण या सगळ्यांसाठी मूळ पासपोर्ट किंवा कार्ड खिशात हवं. 'हॉटेलवर राहिलं' म्हटलं की पूर्ण दर.

यादी कशी करायची

पूर्ण नाव, वय, संस्था, नागरिकत्व, ओळखपत्राचा प्रकार आणि मोबाइल. पासपोर्ट क्रमांक फक्त परदेशींचा, आणि तो वेगळ्या कागदावर. बसमध्ये फिरणाऱ्या यादीत तो कशाला? भारतीयांसाठी कुठलंही शासकीय ओळखपत्र चालतं. यादीच्या तीन प्रती काढा: एक कार्यालयाला, एक गाइडला, एक बसमधल्या समन्वयकाला.

परदेशी पाहुणे विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या अतिथिगृहात उतरणार असतील तर चोवीस तासांच्या आत त्यांची ऑनलाइन नोंद करावी लागते. हॉटेलवाले त्याला सी फॉर्म म्हणतात आणि सवयीनं भरतात. अतिथिगृहाच्या काळजीवाहकाला ते ठाऊक असेलच असं धरू नका. परिषद व्हिसा आणि त्यामागच्या मंजुऱ्या हे वेगळं प्रकरण आहे, सहलीच्या कागदांत ते मिसळू नका.

गाइड

परवानाधारक गाइडच घ्या आणि परवान्याची प्रत फाइलला लावा, लेखापरीक्षणात विचारतात. मानधन गटाच्या आकारावर आणि अर्ध्या की पूर्ण दिवसावर ठरतं. इंग्रजीखेरीज दुसरी परदेशी भाषा हवी असेल तर वेगळा भत्ता असतो. चाळीसच्या वर माणसं असली तर दोन गाइड सांगा. कैलास लेण्याच्या प्रांगणात एकामागं साठ माणसं उभी राहिली की मागच्यांना फक्त टोप्या दिसतात. आणि गाइडला आधीच सांगा की हे अभ्यासक आहेत. 'वरून खाली कोरलं' एवढ्यावर हे लोक थांबत नाहीत. पंधराव्या लेण्यातला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख कुठं आहे, असं विचारतात. आमच्या एका गाइडनं त्या प्रश्नावर घाम पुसला होता.

बस

एसटीची बस नैमित्तिक करारावर मिळते. अर्ज आगारप्रमुखांकडं, आगाऊ रकमेसह. शालेय-महाविद्यालयीन सहलींना जी निम्म्या भाड्याची सवलत आहे ती विद्यार्थ्यांसाठी. परिषदेचे प्रतिनिधी प्राध्यापक असतात, त्यांच्यासाठी ती मागू नका, नाहीतर फाइल परत येते. खासगी बस घेतलीत तर पर्यटन परवाना, विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या प्रती आधी मागा. अजिंठ्याला कुठलीही बस नेली तरी ती टी-पॉइंटलाच थांबते. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं. तिथलं सुविधा शुल्क आणि बसभाडं प्रवेश तिकिटात धरलेलं नसतं, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा.

जिथं लेखी परवानगी लागतेच

संरक्षित स्मारकात सभा, स्वागत समारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करायचा असेल तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. 'मकबऱ्यासमोर छोटासा समारोप घेऊ' ही कल्पना प्रत्येक समितीत कुणाला तरी सुचते. चार दिवसांत ती परवानगी येत नाही, ती कल्पना तिथंच सोडा. जेवणाचे डबेही आवारात कुठंही उघडता येत नाहीत, नेमून दिलेल्या जागीच. साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला हरकत नाही, व्हिडिओ कॅमेऱ्याला शुल्क आहे. ट्रायपॉड लावायचा तर अधीक्षकांची परवानगी हवी. ड्रोन घरी ठेवा. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही, आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण श्वासातल्या दमटपणानं रंगांचं नुकसान होतं. चाळीसजणांचे दोन गट पाडायचे ते तिथं दारात उभं राहून नव्हे, बसमध्येच पाडा. एक गट पहिल्या लेण्यापासून, दुसरा सव्विसाव्याकडून उलटा.

पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात चपला-बूट बाहेर काढावे लागतात. एप्रिलमध्ये तो दगड तापतो, तेव्हा पाहुण्यांना मोजे घालून यायला सांगा. पायऱ्या चढवत नाहीत अशा ज्येष्ठांसाठी पायथ्याशी पालखीवाले असतात. जाण्या-येण्याचे मिळून किती, हे पालखीत बसायच्या आधी ठरवा.