रिक्रिएशन थेरपीच्या नियतकालिकातील खांदेपालट : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ‘थेरप्युटिक रिक्रिएशन जर्नल’चं संपादकपद एका प्राध्यापकाकडून दुसऱ्याकडे जातं, तेव्हा बाहेरच्या माणसाला ती विद्यापीठांमधली किरकोळ घडामोड वाटते. रिक्रिएशन थेरपीतली, म्हणजे खेळ, छंद आणि करमणूक यांच्या आधारे रुग्णांना सावरण्याच्या पेशातली मंडळी मात्र नव्या संपादकाचे जुने लेख काढून वाचू लागतात. 1967 पासून चालत आलेल्या या त्रैमासिकाची मातृसंस्था आज उरलेली नाही. करमणूक हा रुग्णाचा हक्क की उपचाराचं साधन, या ज्या वादावरून त्या संस्थेतले लोक दुभंगले तो मात्र शिल्लक आहे, आणि प्रत्येक खांदेपालटात नवा माणूस त्यात कुठल्या बाजूचा, हेच आधी चाचपलं जातं.

मुळाशी आहेत लष्करी इस्पितळं. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसनं जखमी सैनिकांसाठी करमणुकीची सोय केली, दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या इस्पितळांत हे काम स्थिरावलं. 1949 ते 1953 या काळात अशा कर्मचाऱ्यांच्या तीन संघटना निघाल्या आणि तिघींचं आपापसात फारसं पटत नव्हतं. इस्पितळातल्या माणसालाही इतरांइतकाच करमणुकीचा हक्क आहे, असं एकीचं म्हणणं. करमणूक हे उपचाराचं साधन आहे, असं दुसरीचं. तिसरी शारीरिक शिक्षणवाल्यांच्या छत्राखालची. 1966 साली उद्यानं आणि करमणूक या क्षेत्रातल्या राष्ट्रीय महासंघाची शाखा म्हणून पहिल्या दोघी एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी जर्नल निघालं. मतभेद मिटले म्हणून काही ही एकी झाली नव्हती. वेगवेगळं राहून सरकारदरबारी कुणी विचारत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

पहिली दहा-बारा वर्षं तसंच निभावलं. 1978 मध्ये दोन अभ्यासकांनी ‘फुरसतीची क्षमता’ या कल्पनेभोवती एक प्रारूप मांडलं. त्यात कामाचे तीन भाग होते : आधी शरीर-मनाच्या अडचणींवर उपचार, मग मोकळा वेळ कसा घालवायचा याचं शिक्षण, आणि शेवटी प्रत्यक्ष सहभाग. रुग्ण जसजसा पुढे सरकेल तसतसा थेरपिस्टचा ताबा कमी व्हायचा आणि रुग्णाची स्वतःची निवड वाढायची. शिकवायला सोपं असल्यानं हे प्रारूप महाविद्यालयांत पटकन पसरलं.

पुढचा निर्णय मात्र फार महागात पडला. आपल्या पेशाचं तत्त्वज्ञान एकदा लेखी ठरवून टाकावं, असं संघटनेच्या धुरिणांनी मनावर घेतलं. चार पर्यायी निवेदनं तयार झाली, ती सभासदांपुढे ठेवली गेली, आणि 1982 साली फुरसतीच्या क्षमतेची बाजू संघटनेची अधिकृत भूमिका ठरली. निव्वळ उपचाराची बाजू मागे पडली.

म्हणजे नेमकं काय, हे इस्पितळात उभं राहिल्याशिवाय समजत नाही. पक्षाघातातून सावरणारा साठीचा एक गृहस्थ टेबलाशी पत्ते खेळतोय अशी कल्पना करा. उजव्या हातानं पान उचलायचं, ओळखायचं, रंगाप्रमाणे लावायचं. उपचारवादी थेरपिस्टच्या नोंदीत काय येईल? पकड किती सुधारली, लक्ष किती मिनिटं टिकलं, आधाराशिवाय किती वेळ उभं राहता आलं. पत्त्यांच्या जागी दुसरं काही असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या बाजूची थेरपिस्ट याही गोष्टी लिहील, पण तिचे खरे प्रश्न पुढचे आहेत. हा माणूस घरी गेल्यावर शनिवारी संध्याकाळी काय करणार? जुने भिडू त्याला बोलावतील का? बोलावलं तर गाडी कोण चालवणार, आणि त्या घराच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाईल का? त्याला पुन्हा डावात बसता यावं, हाच तिच्या लेखी उपचाराचा हेतू.

मला ही दुसरी दृष्टी अधिक खोल वाटते आणि ते लपवण्याचं कारण नाही. दीर्घ आजारात किंवा कायमच्या अपंगत्वात ‘बरं होणं’ पुष्कळदा शक्यच नसतं. जगायचे दिवस मात्र पुढे असतातच, आणि ते कशानं भरायचे हा प्रश्न वैद्यक सहसा विचारत नाही.

पण त्या निर्णयाची वेळ वाईट होती. 1983 पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्यानं इस्पितळांना आजारागणिक ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. रुग्णावर प्रत्यक्ष किती खर्च झाला यानं त्या रकमेत फारसा फरक पडत नव्हता. साहजिकच व्यवस्थापनानं प्रत्येक विभागाला विचारलं, तुमच्यामुळे रुग्ण लवकर घरी जातो का? फिजिओथेरपीवाल्यांकडे उत्तर तयार होतं. ‘आम्ही फुरसतीची क्षमता वाढवतो’ असं म्हणणाऱ्याला बजेटच्या बैठकीत काय किंमत मिळाली असेल ते सांगायला नको. इस्पितळांत नोकरी करणाऱ्यांची अस्वस्थता खरी होती, त्यांची पदं पणाला लागली होती. 1984 मध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी उपचाराची बाजू घेऊन वेगळी राष्ट्रीय संघटना काढली. मतदान घेऊन तत्त्वज्ञान ठरवायचा घाट घातला नसता, तर ही फूट टळली असती किंवा निदान पुढे ढकलली गेली असती, असं आता मागे वळून पाहताना वाटतं. दोन संघटनांची मोट बांधताना जे मुद्दाम संदिग्ध ठेवलं होतं, ते या मतदानानं उघड्यावर आणलं.

जर्नल जुन्या संघटनेकडे राहिलं. त्याचे लेखक आणि परीक्षक मात्र दोन्ही संघटनांमध्ये विखुरलेले होते, काहींचं सभासदत्व तर दोन्हीकडे होतं. नव्या संघटनेनं 1990 पासून स्वतःचं वार्षिक सुरू केलं. 2002 मध्ये एका वैद्यकीय प्रकाशकानं तिसरं नियतकालिक काढलं, त्याच्या नावात ‘रिक्रिएशन थेरपी’ असा सरळ उल्लेख होता. एवढ्याशा पेशात तीन ठिकाणी छापायची सोय झाली. लेखकाला निवड मिळाली, संपादकाला मात्र चांगला लेख मिळवण्यासाठी आता मागे लागावं लागतं.

या सगळ्यात जर्नलनं कुठल्याही एका गटाचं मुखपत्र व्हायचं टाळलं. 1991 साली फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठाच्या पुढाकारानं या उपचारांच्या फायद्यांविषयी राष्ट्रीय परिषद भरली; व्यसनमुक्तीपासून बालरुग्ण, वृद्ध आणि मनोरुग्णांपर्यंत सहा क्षेत्रांतला पुरावा तिथं तपासला गेला. त्यानंतर परिणाम मोजणाऱ्या संशोधनाची मागणी वाढली आणि आकडेवारीच्या लेखांना वजन आलं. तरीही 1998 च्या सुमारास याच जर्नलनं वेगवेगळी प्रारूपं आणि त्यांवरच्या टीका शेजारी शेजारी छापल्या. त्यासाठी संपादकाला ठरवून पानं राखून ठेवावी लागतात. 2007 मध्ये फुरसत आणि स्वास्थ्य यांची सांगड घालणारं नवं प्रारूप याच पानांवर आलं. रुग्णातल्या उणिवांऐवजी त्याच्या बळावर भर देणाऱ्या विचारानं तेव्हापासून चांगलंच मूळ धरलं आहे. ते वाचताना 1982 ची बाजू नव्या भाषेत परतल्यासारखी वाटते.

2010 च्या सुमारास महासंघानं आपल्या शाखा मोडीत काढल्या आणि जर्नलची मूळ संघटना संपली. छपाई-वितरण फुरसत-अभ्यासाची पुस्तकं काढणाऱ्या एका खासगी प्रकाशनसंस्थेकडे गेलं. पूर्वी सभासदत्वाबरोबर अंक घरी यायचा आणि इस्पितळात काम करणारी बाई तो निदान चाळायची. आता वाचक मुख्यतः विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून येतो. लिहिणारे प्राध्यापक, वाचणारेही प्राध्यापक, आणि ज्यांच्या कामाविषयी लिहायचं ते कर्मचारी दूर, ही आज जर्नलची सगळ्यात गंभीर अडचण आहे आणि नव्या संपादकाला तिला तोंड द्यावंच लागतं. दुसरीकडे, परदेशांतून येणारं लेखन सामावून घ्यायचं तर पेशाची अमेरिकी चौकट पुरत नाही. मुंबईत 1950 साली के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं, ते मूळच्या अमेरिकेच्या एका बाईंच्या पुढाकारानं. रुग्णाच्या दिवसात हस्तकला, खेळ, छंद आणण्याचं बरंचसं काम आपल्याकडे त्या पेशातूनच होतं; रिक्रिएशन थेरपी हा वेगळा पेशा म्हणून इथं रुजला नाही. अशा ठिकाणच्या अनुभवाला जर्नलमध्ये जागा द्यायची की नाही, हाही संपादकाच्या अखत्यारीतला प्रश्न.

त्याचे अधिकार कागदावर साधे दिसतात. आलेला लेख परीक्षणाला पाठवायचा की परस्पर परत करायचा, कुणाकडे पाठवायचा, दोन परीक्षकांची मतं विरुद्ध आली तर काय करायचं, विशेषांक कशावर काढायचा. पण सहा अपंग स्त्रियांच्या दीर्घ मुलाखतींवरचा लेख ‘नमुना लहान’ म्हणणाऱ्या परीक्षकाकडे गेला की त्याचं काय होणार हे जवळपास ठरलेलंच असतं. नैराश्याच्या गुणांकात पडलेला फरक दाखवणारा लेख तत्त्वचिंतकाकडे गेला, तर त्याचीही तीच गत. म्हणून जाणकार संपादकाच्या नावाइतकंच सहसंपादकांच्या आणि परीक्षकांच्या यादीकडे लक्ष देतात.

आणि नव्या संपादकाचा कल लगेच दिसत नाही. आधीच्या संपादकानं स्वीकारलेले लेख रांगेत असतात. ते नव्याच्या नावाखाली छापले जातात आणि पहिले काही अंक त्यांतच जातात. नव्या माणसानं स्वतः मागवलेला, स्वतः निवडलेल्या परीक्षकांकडून तपासून घेतलेला मजकूर त्यानंतरच्या अंकांत येऊ लागतो, आणि त्याची बाजू कोणती हे ठरवायचं तर ते अंक हाती यावे लागतात.