एक साचा, चार रंग

ब्रिटनमध्ये आगगाड्यांच्या जुन्या मॉडेलांच्या विक्रीच्या टेबलाशी पाच मिनिटं उभं राहिलं की एक दृश्य हमखास बघायला मिळतं. गिऱ्हाईक एक काळं इंजिन उचलतं. मोटर चालते का, खोक्यासकट आहे का, असलं काही विचारत नाही. इंजिनाचं तोंड आपल्याकडे वळवतं आणि खिशातून भिंग काढतं. बॉयलरच्या पुढच्या गोल दारावर, अगदी खाली, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी एक पाटी असते. तिच्यावर ‘71जी’ आहे की ‘82एफ’, एवढंच त्याला बघायचं असतं.

दोन्ही खुणा एकाच इंजिन शेडच्या, बाथ ग्रीन पार्कच्या. ब्रिटिश रेल्वेने 1958 मध्ये आपल्या विभागांच्या, म्हणजे रीजनांच्या, हद्दी बदलल्या, शेड सदर्न रीजनकडून वेस्टर्न रीजनकडे गेलं, आणि पाटी बदलली. इंजिन तेच, रूळ तेच, ड्रायव्हरही तोच. पण ज्याला 1955 सालचं स्टेशन घरात उभं करायचंय त्याला 82एफवालं इंजिन चालत नाही. हा वेडेपणा आहे हे त्यालाही ठाऊक असतं. मात्र तो आला कुठून, हे समजून घ्यायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

गावाचा रंग

ब्रिटनमध्ये रेल्वे सरकारने बांधली नाही. गावोगावच्या धनिकांनी कंपन्या काढल्या, एकमेकांशी चढाओढ केली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत शंभरावर कंपन्या आपापल्या मुलखात गाड्या चालवत होत्या. मोठ्या कंपन्यांचे इंजिन बांधायचे कारखानेही स्वतःचेच: ग्रेट वेस्टर्नचा स्विंडनला, मिडलंडचा डर्बीला, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचा क्रूला. त्यामुळे रंगच नव्हे, इंजिनाची ठेवणही त्या त्या मुलखाची झाली. स्विंडनचं इंजिन चिमणीच्या तांब्याच्या कडेवरून ओळखता येई. मिडलंडचं गडद किरमिजी, कॅलेडोनियनचं निळं, नॉर्थ वेस्टर्नचं काळं कुळकुळीत.

रंगाच्या बाबतीत सगळ्यात मजेशीर किस्सा ब्रायटनचा. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे इंजिन अधीक्षक विल्यम स्ट्राउडली यांनी आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचं नाव ‘सुधारित इंजिन हिरवा’. प्रत्यक्षात तो चक्क पिवळा होता, हळदीत गेरू कालवावा तसा. स्ट्राउडलींना रंग कळत नसत अशी एक दंतकथा आहे. मला ती फारशी पटत नाही, पण सांगायला झकास आहे. या रंगात त्यांनी 1872 ते 1880 या काळात ‘टेरियर’ नावाने प्रसिद्ध झालेली 50 चिमुकली इंजिनं बांधली आणि त्यांना लंडन-ससेक्सकडच्या गावांची, वस्त्यांची नावं दिली. हेलिंग बेटाला जोडणारा लाकडी पूल जड इंजिन पेलत नसे, म्हणून त्या फाट्यावर टेरियर 1963 पर्यंत धावत राहिली. आज टेरियरचं मॉडेल पिवळ्या रंगातही मिळतं आणि ब्रिटिश रेल्वेच्या काळ्या रंगातही. कोण कुठलं उचलतो यावरून त्याचा जीव कोणत्या काळात अडकलाय ते कळतं.

जर्मनीत बनलेली ब्रिटिश गाडी

गंमत अशी की हुबेहूब ब्रिटिश दिसणाऱ्या सुरुवातीच्या खेळण्यातल्या गाड्या बऱ्याचशा जर्मन होत्या. नॉर्थॅम्प्टनचे डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीचं काम बघून थक्क झाले. ब्रिटिश इंजिनांचे आराखडे इकडून, पत्र्याचं काम तिकडचं, अशी व्यवस्था लागली. पहिल्या महायुद्धाने ती मोडली. जर्मन खेळणं घरात आणणं ही लाजेची गोष्ट झाली आणि बाजारात पोकळी पडली.

ती लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी भरली. 1901 मध्ये त्यांनी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचं जे खेळणं पेटंट केलं, तेच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गेलं. 1920 मध्ये त्यांनी चावीची आगगाडी काढली तीही मेकॅनोच्याच बाजाची, नट-बोल्ट खोलून पुन्हा जोडता येणारी. इंजिन एकच, रंग मात्र तीन: नॉर्थ वेस्टर्नचा काळा, मिडलंडचा लाल, ग्रेट नॉर्दर्नचा हिरवा. पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज इथे आहे. साचा महाग असतो, रंग स्वस्त. पोराला आपल्या गावच्या स्टेशनावरच्या रंगाची गाडी हवी असते, आणि कारखान्याला एकच साचा शक्य तितक्या वेळा विकायचा असतो.

1 जानेवारी 1923 रोजी संसदेच्या कायद्याने जवळपास 120 कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत गोळा झाल्या: ग्रेट वेस्टर्न, सदर्न, एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) आणि एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न). जुनं नाव फक्त ग्रेट वेस्टर्नने टिकवलं, आणि त्याचा तोरा तिच्या भक्तांत अजून आहे. कारखानदारांना तर ही पर्वणीच. शंभर रंगांऐवजी चार रंगांत अख्खा देश!

हॉर्न्बीने 1938 मध्ये ‘डब्लो’ नावाची छोटी विजेची गाडी आणली तेव्हा नेमकं हेच केलं. तिच्यातलं टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी स्वतःच्याच अंगावर वाहणारं, एन-2 जातीचं होतं. ही जात 1920 मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉसकडच्या उपनगरी गाड्यांसाठी बांधलेली. भुयारात वाफ कोंडू नये म्हणून ती परत टाकीत नेणाऱ्या नळ्या लावलेली, मूळ ग्रेट नॉर्दर्नची आणि 1923 पासून एलएनईआरची. पण डब्लोने ती चारही कंपन्यांच्या रंगांत विकली. सदर्नच्या हिरव्या रंगातली एन-2 खऱ्या रुळांवर कधीच नव्हती. संग्राहक आज तिच्याच मागे सगळ्यात जास्त धावतात, कारण ती कमी निघाली. खोट्याला खऱ्याहून जास्त भाव येण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

दुसरी तडजोड पायाखालच्या रुळांत आहे. युरोपात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर असं प्रमाण धरून 16.5 मिलिमीटरचे रूळ ठरले होते. ब्रिटनचे पूल आणि बोगदे फार लवकर बांधलेले, म्हणून अरुंद, आणि त्यातून जाणारी इंजिनंही अंगाने बारीक. साडेतीनच्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर बसेना. मग वरचं इंजिन चार मिलिमीटरच्या प्रमाणात फुगवलं आणि रूळ होते तसेच ठेवले. हेच ‘डबल ओ’ प्रमाण. खरे रूळ 1435 मिलिमीटरचे. चारच्या हिशेबाने मॉडेलचे 18.83 हवेत. म्हणजे ब्रिटनमधली बहुतेक मॉडेलं आजही मीटरगेज आणि स्टँडर्ड गेज यांच्या मध्येच कुठेतरी पडणाऱ्या, जगात नसलेल्या गेजवर धावतात. हे सहन न होणाऱ्यांचा एक पंथ आहे. ते स्वतः 18.83 चे रूळ हाताने घालतात. बाकीचे त्यांना ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात, आणि त्यांना ती पदवी वाटते.

सहा प्रांत आणि एक कुऱ्हाड

1948 मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. खरं तर प्रांतिकपणा तिथेच संपायला हवा होता. झालं उलटं. ब्रिटिश रेल्वेने सहा रीजन केले आणि प्रत्येकाला रंग दिला. स्टेशनांच्या मुलामा दिलेल्या पाट्या वेस्टर्नला तपकिरी, सदर्नला हिरव्या, लंडन मिडलंडला किरमिजी, ईस्टर्नला गडद निळ्या, नॉर्थ ईस्टर्नला नारिंगी आणि स्कॉटलंडला फिकट निळ्या. गावाचा रंग इंजिनावरून उतरून फलाटावर आला, एवढाच फरक. घरातलं स्टेशन मांडताना पाटीचा रंग चुकला की जाणकार पाहुणा काही बोलत नाही, नुसता हसतो.

मग 1963 मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. सुमारे 5,000 मैलांचे मार्ग आणि 2,300 हून अधिक स्टेशनं बंद करावीत, असं त्यात सुचवलं होतं. पुष्कळशी झालीही. ऑगस्ट 1968 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची नियमित गाडी इतिहासजमा झाली. माझ्या मते या छंदाला खरं वळण इथे लागलं. तोवर मॉडेल म्हणजे बाहेर धावतंय त्याची नक्कल. यापुढे ते बाहेर उरलेलंच नाही त्याची राखण झालं.

भिंगवाल्या गृहस्थाकडे परत जाऊ. त्याच्या हातातलं काळं इंजिन सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गाचं. बाथपासून बोर्नमथकडे जाणारी ही लाइन मेंडिप टेकड्या चढून जाई. तिच्या चढांसाठी 1914 मध्ये डर्बीने सहा आणि 1925 मध्ये रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीने पाच, अशी अकराच मालगाडीची इंजिनं बांधली. मार्च 1966 मध्ये लाइन बंद पडली. अकरांपैकी दोन इंजिनं वाचली. एका मोडीत निघालेल्या मार्गाच्या या जातीचं मॉडेल बॅकमन कंपनीने तयार, रंगवून, खोक्यात घालून बाजारात आणलं, आणि ते खपलं. तीस वर्षांपूर्वीचा कारखानदार या कल्पनेवर हसला असता.

हे शक्य झालं ते उत्पादन चीनमध्ये गेल्यामुळे. 1990 च्या दशकात हॉर्न्बीनेही मार्गेटच्या कारखान्यातलं काम तिकडे नेलं. हाताने बारीक जोडकाम परवडू लागलं आणि छोट्या संख्येची मॉडेलं निघू लागली. मग दुकानदारच ऑर्डर देऊ लागले. कॉर्नवॉलच्या कर्नो मॉडेल रेल सेंटरने बीटी वेल टँक नावाच्या छोट्या इंजिनाचं मॉडेल बनवून घेतलं. 1874 च्या सुमाराची ही इंजिनं. त्यातली तीनच 1962 पर्यंत टिकली, कारण वेनफर्ड ब्रिजच्या चिनी मातीच्या लाइनची वळणं दुसऱ्या इंजिनांना झेपत नसत. तीन इंजिनांसाठी साचा! याहून स्वस्तातला स्थानिक अभिमान म्हणजे वाघिणी, अर्थात मालडबे. आपल्या गावच्या जुन्या कोळसा व्यापाऱ्याचं नाव असलेली मोजक्या संख्येची वाघीण दुकान काढतं, आणि नावाखालची वाघीण कुठली ते न बघता गाववाले घेतात. वाघिणीचा साचा अर्थातच एकच असतो.

बार्शीची धाकटी बहीण

नॅरोगेजवाल्यांचं कुळ वेगळं, आणि त्यात आपला एक धागा आहे. स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठेक मैलांची लाइन 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली. तिचे इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हेच आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतल्या नोकरीत असताना त्यांच्या डोक्यात अडीच फुटी रुळांची कल्पना घोळत होती. एका कण्यावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके रूळ चालतील आणि डबे तरी ऐसपैस करता येतील, हे त्यांचं गणित. बार्शीचे डबे-वाघिणी इकडे पाठवण्याआधी त्यांनी लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या. 1897 मध्ये बार्शी लाइन सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, आणि वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिने वाहिल्या.

तेच गणित घेऊन कॅलथ्रॉप इंग्लंडच्या दरीत गेले. म्हणून लीक अँड मॅनिफोल्डची दोन इंजिनं तिथल्या हिरवळीत परकी दिसत: पुढे भलामोठा दिवा, माळरानावर रात्री धावायला निघाल्यासारखा. डबे फिकट पिवळे. मोठ्या लाइनची अख्खी वाघीण पाठीवर घेऊन जाणाऱ्या खास गाड्याही होत्या. दोनच इंजिनं, चारच डबे: घरात पूर्ण रेल्वे मांडायची तर याहून सोयीची लाइन नाही, म्हणून हातांनी मॉडेल करणाऱ्यांचं तिच्यावर फार प्रेम. इथेही रुळांची खोड आहेच. अडीच फूट म्हणजे चारच्या प्रमाणात 10 मिलिमीटर. बाजारात सहज मिळतात 9 चे. एक मिलिमीटर सोडून द्यायचा की रूळ स्वतः घालायचे, यावर वाद चालूच असतो. बार्शीकडच्या माणसाने 9 घ्यावेत आणि मोकळं व्हावं असं मला वाटतं.

खरी रेल्वेही खोटं बोलते

2020 नंतर हॉर्न्बी आणि हॅटन्स हे मॉडेलांचं दुकान या दोघांनी जुन्या काळचे चार आणि सहा चाकी डबे काढले. ते कुठल्याच एका कंपनीचे नव्हते. सरासरी चेहऱ्याचा साचा, आणि त्यावर डझनावारी कंपन्यांचे रंग. 1920 चीच युक्ती, फक्त या वेळी उघडपणे सांगून. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली आणि बऱ्याच जणांनी गुपचूप घेतलेही.

दरम्यान नव्या पिढीची आठवण वाफेची राहिलेली नाही. तिला 1980 च्या दशकातली ‘पेसर’ आठवते: बसच्या भागांपासून बनवलेली, दोनच कण्यांची, वळणावर किंचाळणारी डिझेल गाडी. प्रवाशांनी तिला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि ती निवृत्त होताच तिची मॉडेलं शोकेसमध्ये जाऊन बसली. यातल्या काही गाड्या डेव्हन-कॉर्नवॉलसाठी ग्रेट वेस्टर्नच्या जुन्या चॉकलेटी-क्रीम रंगात रंगवल्या होत्या. तिथल्या फाट्यांची तीव्र वळणं त्यांच्या चाकांना मानवली नाहीत, म्हणून काही वर्षांतच त्यांना उत्तर इंग्लंडला पाठवलं. रंग बदलायची घाई कुणी केली नाही. त्यामुळे जो मुलूख ग्रेट वेस्टर्नचा कधीच नव्हता, तिथल्या गिरण्यांच्या गावांतून चॉकलेटी-क्रीम गाड्या कित्येक दिवस धावत होत्या. मँचेस्टरकडचं स्टेशन मांडून त्याच्या फलाटाला असली पेसर लावणाऱ्याला कुणी चूक काढली, तर तो शांतपणे जुना फोटो पुढे करतो.