तीस सेकंदांची गाणी, चाळीस वर्षांचा वाद

सोलापुरात पॉवरव्हायोलन्स हे टोकाचं वेगवान पंक संगीत ऐकणारी माणसं दोन रिक्षांत मावतील एवढीच. तरी त्यांच्यात दोन तट आहेत. गेल्या पावसाळ्यात पार्क चौकात चहा घेताना लॉस एंजेलिसच्या झूलू या बँडवरून वाद लागला. चाळिशीतला एक मित्र म्हणाला, "ह्याला पॉवरव्हायोलन्स म्हणत्यात व्हय बे? मधीच संथ सोल गाणं लागतंय." सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं. समोरचा विशीतला पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, ते स्वतःच म्हणत्यात की." दोघांचंही खरं होतं. पण हा शब्द कुठून आला, कोणी आणि कोणासाठी घडवला, हे दोघांनाही अर्धवटच ठाऊक होतं. त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर जे नीट सांगता आलं नाही, ते इथे मांडतो.

आधी आवाजाबद्दल. हार्डकोर म्हणजे पंकचं अधिक वेगवान, आखूड आणि रागीट रूप. ते अमेरिकेत १९८० च्या आसपास घडलं. पॉवरव्हायोलन्स हे त्या हार्डकोरचंही टोक. गाणं वीस-तीस सेकंदांचं, फार तर मिनिटभराचं. एकट्या वाद्याचा सोलो नाही, बहुतेक वेळा ध्रुवपदही नाही. ड्रमर ब्लास्ट बीट वाजवतो, म्हणजे स्नेअर, बास ड्रम आणि झांज यांवर इतके जलद ठोके की ते सुटे ऐकू येणं बंद होतं आणि त्यांची भिंत उभी राहते. मग कसलीही चाहूल न देता सगळं थांबतं, किंवा चिखलात पाय रुतावा तसं संथ होतं. ही अचानक मोड हीच या प्रकाराची खूण. इंग्लंडमध्ये वाढलेला ग्राइंडकोर हा याचा चुलतभाऊ. बर्मिंगहॅमच्या नॅपाम डेथ या बँडचा १९८७ चा 'स्कम' हा अल्बम त्याचा पाया, आणि त्यातलं सव्वा सेकंदाच्या जरा वर चालणारं गाणं गिनेस बुकात गेलं. ग्राइंडकोर पुढे हेवी मेटलकडे झुकला, गळ्यातून गुरगुरू लागला. पॉवरव्हायोलन्स मात्र पंकच राहिला.

मी अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांच्या गल्लीत वाढलो. आमच्या घराखाली शटलचे माग होते. धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत आदळतो, फणी येऊन बाण्याचा धागा ठोकते, धोटा परत सुटतो. एकच माग चालू असला तर हे ठोके मोजता येतात. बारा माग चालू झाले की ते एकमेकांत मिसळतात, जमीन थरथरते आणि बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. बाण्याचा धागा तुटला की तेवढा एक माग खाडकन थांबतो, आणि त्या गदारोळात एक भोक पडतं. वर कांड्या भरत बसलेल्या आईला त्या भोकावरून कळायचं की कोणता माग थांबलाय. मी पहिल्यांदा क्रॉस्ड आऊट हा पॉवरव्हायोलन्स बँड ऐकला तेव्हा मला धक्का बसला नाही, ओळख पटली. मागांची दुरुस्ती करणारे जॉबरकाका एकदा माझ्या मोबाइलवरचं गाणं उभ्याउभ्याच ऐकत राहिले. कानाने मागाचा बिघाड ओळखणारा माणूस तो. म्हणाले, "वराडतोय कशाला ते कळंना, पण ठोका सुटंना की रे कुठं." या संगीताबद्दल मी ऐकलेलं सर्वांत अचूक मत ते हेच.

आता मुळाकडे. ह्यूस्टनच्या डीआरआय बँडने १९८३ मध्ये सात इंची तबकडीवर बावीस गाणी बसवली. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेमथ गावच्या सीज या बँडने 'ड्रॉप डेड' ही कॅसेट काढली. नेदरलँड्समध्ये लार्म हा बँड होताच. त्या काळात हे सगळे लोक 'वेगवान हार्डकोर' एवढंच वाजवत होते. त्याला वेगळं नाव नव्हतं, वेगळे चाहतेही नव्हते. बऱ्याच पंकांना ही वेगाची शर्यत वाटायची, आणि शर्यतीला लोक जेवढं मनावर घेतात तेवढंच त्यांनी हे घेतलं. ज्यांना खरंच आवडलं ते पत्रं लिहून कॅसेटी मागवत. सीजची ती कॅसेट अशीच हातोहात अटलांटिक ओलांडून गेली आणि नॅपाम डेथच्या पोरांच्या कानांवर पडली.

कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेन्सियाच्या इन्फेस्ट या बँडने १९८६ पासून यात काहीतरी वेगळं केलं. त्यांनी शिस्तीच्या, घोषणांच्या हार्डकोरमध्ये सीज आणि लार्मचा बेफाम वेग घातला. १९८८ चा 'स्लेव्ह' हा त्यांचा अल्बम आजही ऐकला की कळतं, इथे वेग दाखवायला वापरलेला नाही. गाण्यातला माणूस घाईत आहे कारण त्याला गुदमरायला होतंय. इन्फेस्टचा गिटारवादक मॅट डोमिनो आणि एरिक वुड यांनी मिळून निअँडरथल नावाचा अल्पायुषी बँड काढला, आणि 'पॉवरव्हायोलन्स' हा शब्द त्या दोघांच्या बोलण्यातून आला. वुडचा पुढचा बँड मॅन इज द बास्टर्ड. त्यांच्या एका गाण्यात हा शब्द ठळकपणे उच्चारला गेला आणि सोबत सोबत्यांची नावंही: क्रॉस्ड आऊट, नो कॉमेंट, मॅनपिग, कॅपिटलिस्ट कॅज्युअल्टीज.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण पुढचे सगळे वाद या एका गाण्यातून निघतात. ती यादी संगीतप्रकाराची व्याख्या नव्हती. ती मित्रांची हजेरी होती. एका किनाऱ्यावर राहणारे, एकमेकांच्या गाड्यांतून कार्यक्रमांना जाणारे चार-पाच गट. त्यांनी स्वतःला दिलेलं टोळीचं नाव. त्यांचे आवाजही एकसारखे नव्हते. मॅन इज द बास्टर्डकडे बहुतेक वेळा गिटारच नसायची. दोन बास, ड्रम आणि स्वतः जोडून तयार केलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं. क्रॉस्ड आऊट याच्या अगदी उलट, घट्ट आवळलेल्या मुठीसारखा. आज कोणी "हे त्या व्याख्येत बसत नाही" म्हणतो तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणत्या व्याख्येत? मूळ बँडच एकमेकांच्या व्याख्येत बसत नव्हते.

मग नाव पसरलं कसं? त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात ख्रिस डॉजला जातं. १९८९ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या स्लॅप अ हॅम या छोट्या रेकॉर्ड कंपनीने सात इंची तबकड्यांचा सपाटा लावला. १९९३ ते २००० या काळात बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट इथे 'फिएस्टा ग्रांदे' हा मेळा भरत राहिला. गिलमन ही जागा १९८६ च्या शेवटच्या रात्री उघडली. ती स्वयंसेवक चालवतात, तिथे दारू चालत नाही, वर्णद्वेष आणि बायकांचा किंवा समलैंगिकांचा द्वेष चालत नाही, आणि हे नियम भिंतीवर लिहिलेले असतात. नावात हिंसा असलेलं हे संगीत अशा नियमांच्या खोलीत वाढलं, ही गोष्ट बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही.

डॉज स्वतः स्पॅझ या बँडमध्ये वाजवायचा. स्पॅझने कुंग-फू चित्रपटांतले संवाद, बँजो, सॅक्सोफोन असं काय काय घातलं. मॅन इज द बास्टर्डचं गांभीर्य ज्यांना जपायचं होतं त्यांना हे खपलं नाही; इतरांना वाटलं, बरं झालं, दम घ्यायला फट मिळाली. इलिनॉयमधल्या चार्ल्स ब्रॉन्सन या बँडने तर आपल्याच चाहत्यांवर गाणी लिहिली: तबकड्या जमवण्याचा सोस, कोण खरा कोण खोटा याचा हिशोब. हा बँड १९९४ ते १९९७ एवढाच टिकला, पण मला वाटतं इथे एक वळण आलं. या गाण्यांत चाहते स्वतःला विषय म्हणून दिसू लागले. साउथ कॅरोलायनाच्या इन/ह्युमॅनिटी या बँडने चेष्टेत 'इमोव्हायोलन्स' (भावुक 'इमो' पंक आणि पॉवरव्हायोलन्स यांची जोड) हा शब्द सोडला आणि लोकांनी तो खरंच प्रकार म्हणून धरला. शब्द हातातून सुटला की असं होतं.

२००० पर्यंत स्पॅझ संपला, २००२ मध्ये स्लॅप अ हॅम बंद झाली. जुने लोक म्हणू लागले, पॉवरव्हायोलन्स संपला. त्यानंतरचं ते सगळं अनुकरण. आणि नेमकं तेव्हाच हे संगीत आमच्यापर्यंत पोचलं.

आमच्याकडे ते हुतात्मा एक्सप्रेसने आलं. सोलापूरची पोरं इंजिनिअरिंगला पुण्यात, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी. हॉस्टेलवर कोणीतरी उतरवलेल्या फाइली पेनड्राइव्हमधून यायच्या. फोल्डरला नाव नसायचं, गाण्यांचे क्रम उलटसुलट, इन्फेस्टच्या शेजारी मेटॅलिका. तबकडीचं कव्हर आम्ही पाहिलेलं नव्हतं, शब्दांचा कागद नव्हता, गाणारे कशाविरुद्ध ओरडताहेत हे माहीत नव्हतं. आम्हाला फक्त ठोके मिळाले. आमच्या पिढीचा दृष्टिकोन त्यातूनच ठरला: हे जगातलं सर्वांत टोकाचं संगीत, आणि आम्ही ते सोसणारे. अभिमान सोसण्याचा होता. प्राण्यांच्या हालांवर, पोलिसी अत्याचारावर, युद्धांवर ही गाणी आहेत हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली. शब्द वाचल्यावर तीच गाणी वेगळी ऐकू आली. मी तोवर त्यांचा अर्धाच चाहता होतो.

तिकडे अमेरिकेतही फाइलींनी असाच बदल केला, फक्त उलट्या बाजूने. ज्या तबकड्या चार डॉलरला पाकिटातून यायच्या त्या संग्राहकांच्या वस्तू झाल्या, आणि ज्यांच्याकडे त्या होत्या ते राखणदार झाले. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या नेल्स या बँडने २०१० मध्ये 'अनसायलेंट डेथ' हा अल्बम काढला. मेटलच्या जाडजूड गिटारी आणि पॉवरव्हायोलन्सची मोड असा तो मेळ होता, आणि त्याने मेटलवाल्यांची मोठी रांग आत आणली. २०१६ चा त्यांचा अल्बम तर न्यूक्लिअर ब्लास्ट या जर्मनीच्या मोठ्या मेटल कंपनीकडून आला. त्याच्या नावाचा अर्थ होतो, 'तू आमच्यातला कधीच होणार नाहीस'. काहींना ते निष्ठेचं वाक्य वाटलं, काहींना दारावरची पाटी. माझ्या चाळिशीतल्या मित्राला ते अजूनही आवडतं. मला ते गाणं आवडतं, वाक्य नाही. आमच्यासारख्या, अशा कार्यक्रमाच्या कोणत्याही खोलीत कधीच उभं न राहिलेल्या माणसांना ते वाक्य सर्वांत आधी लागू पडतं.

कारण खोलीत कोण उभं आहे यावरच खरा बदल झालाय. सुरुवातीपासून सगळे गोरे पुरुषच होते असंही नाही. शिकागोचा लोस क्रुडोस स्पॅनिशमध्ये गायचा आणि स्पॅझबरोबर एकाच तबकडीवर होता. त्याचाच गायक पुढे लिंप रिस्ट या समलैंगिक हार्डकोर बँडचा गायक झाला. इंगलवूडच्या डिस्पाइज यूमध्ये पुरुषाच्या आवाजाला बाईचा आवाज उत्तर देतो. पण त्या काळी या गोष्टी अपवाद म्हणून सांगितल्या जायच्या. झूलूने २०२३ चा 'अ न्यू टुमॉरो' काढला तोवर चित्र पालटलं होतं. हा कृष्णवर्णीयांचा बँड, आणि ठोक्यांच्या मध्ये येणारे जुन्या सोल-रेगेचे तुकडे म्हणजे त्यांच्या घरात वाजलेलं संगीत. अचानक संथ होणं हा या प्रकाराचा जुना नियम. झूलूने तो मोडलेला नाही; संथ झाल्यावर जिथे चिखल असायचा तिथे त्यांनी आपलं घर ठेवलं. चहाच्या गाड्यावर मला हेच म्हणायचं होतं.

'व्हायोलन्स' या शब्दाकडे बघणंही बदललं. पूर्वी समोरच्या गर्दीत लागलं, नाक फुटलं, तर ते मिरवायचं. आता कार्यक्रमांत पडलेल्याला आधी उठवा, मुलींना पुढे जागा द्या, हे माइकवरून सांगितलं जातं. जुन्यांपैकी काहींना वाटतं, धार गेली. मला तसं वाटत नाही. धार गाण्यात असते, कोपरात नसते.

भारतात या टोकाच्या संगीताची पाळंमुळं मोठ्या शहरांत आहेत. मुंबईचा गटस्लिट, बंगळुरूचा ग्रॉस्टी ही त्यातली नावं, दोन्ही ग्राइंडकोरच्या अंगाने जाणारी. सोलापुरात असा कार्यक्रम मी पाहिलेला नाही. गणपतीत लेझीम आणि ढोलांचा कडकडाट तासन् तास अंगावर घेणारं हे गाव आहे, मोठ्या आवाजाचं इथे कोणाला वावडं नाही. जागा आणि बँड हवा. आमच्या घराखालचे शटलचे माग मात्र गेले. भंगाराच्या भावाने विकले. खाली आता गोदाम आहे.

त्या विशीतल्या पोराने मध्यंतरी मला विचारलं, सुरुवात कुठून करू? मी सवयीने सीज सांगितलं, 'ड्रॉप डेड' सांगितलं. चार दिवसांनी तो म्हणाला, शेवटचं गाणं सगळ्यात भारी. ते सात मिनिटांच्या आसपास चालणारं, संथ, सॅक्सोफोन किंचाळत राहणारं गाणं. पेनड्राइव्हच्या काळात ते सुरू झालं की आम्ही पुढे ढकलायचो, आमच्या लेखी वेग नसलेलं ते गाणंच नव्हतं. परवा रात्री गोदामाच्या वर, खिडकी उघडी ठेवून, मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.