साबुदाणा कारखान्याच्या सांडपाण्यापासून बायोगॅस : केंद्राच्या अनुदानासाठी अर्ज कसा करावा

आपल्या उपवासाचा साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम पट्ट्यात टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. त्या कारखान्यांचे सांडपाणी स्टार्चने भरलेले आणि आंबट, सामू (पीएच) ४ ते ५. त्यापासून बायोगॅस करायला केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ‘वेस्ट टू एनर्जी’ कार्यक्रमात अनुदान आहे : रोजच्या १२,००० घनमीटर बायोगॅसमागे २५ लाख रुपये, त्याच प्रमाणात कमी-जास्त, कमाल ५ कोटी. कार्यक्रम २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी मंजूर झाला होता, म्हणून सध्याची मुदत आधी मंत्रालयाच्या बायोऊर्जा पोर्टलवर पाहा.

आधी हिशेब. सीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप. १ किलो सीओडी नष्ट झाला की फार तर ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. रोज १ लाख लिटर पाणी, सीओडी लिटरला ५,००० मिलिग्रॅम, त्यातला ८० टक्के काढला, तर रोज मिथेन १४० आणि त्यातले इतर वायू धरून बायोगॅस सुमारे २३० घनमीटर. एकट्या कारखान्याचे पाणी एवढेच असेल, तर रोजच्या २५ ते २,५०० घनमीटर बायोगॅसवरच्या वीजनिर्मितीसाठी असलेला वेगळा ‘बायोगॅस कार्यक्रम’च बघावा.

मोठ्या प्रकल्पाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती (जल कायदा १९७४, वायू कायदा १९८१) घेऊन, संयंत्र सुरू होण्यापूर्वीच बायोऊर्जा पोर्टलवर अर्ज करावा. फाइलमध्ये प्रकल्प अहवाल, जागेची व कंपनीची कागदपत्रे, संमतीपत्र, सांडपाण्याचा प्रयोगशाळा अहवाल आणि कर्ज असल्यास बँकेचे मंजुरीपत्र तयार ठेवा. छाननीनंतर तत्त्वतः मंजुरी मिळते.

पैसे नंतर येतात. जून २०२५ च्या सुधारित नियमांनुसार संयंत्र चालवण्याची संमती मिळाल्यावर बँक गॅरंटी देऊन निम्मी रक्कम घेता येते. उरलेली, पात्र क्षमतेच्या ८० टक्के उत्पादन दाखवल्यावर. दावा करायला संयंत्र सुरू झाल्यापासून किंवा तत्त्वतः मंजुरीपासून, जे नंतरचे असेल तिथून, १८ महिने मिळतात.

घोळ होतो तो या ८० टक्क्यांपाशी. क्षमता ऐन हंगामातल्या पाण्यावर बेतलेली असते आणि तपासणी येते कंद संपल्यावर. त्यामुळे नमुने हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी घ्या. क्षमता सरासरीवर लिहा, कमालीवर नको.

दुसरी अडचण आंबटपणाची. पाचकातला (ज्या बंद टाकीत बायोगॅस तयार होतो तिच्यातला) सामू ६.५ च्या खाली गेला की मिथेन करणारे जिवाणू थंडावतात आणि आम्ल साचतच जाते. येणाऱ्या पाण्यात चुना किंवा पाचकातून बाहेर पडलेले पाणी मिसळून सामू ७ च्या आसपास ठेवा. साली आणि चोथा आधीच्या टाकीत अडवा, नाहीतर नळ तुंबतात. सुरुवातीला शेणाचा काला घालून भार हळूहळू वाढवा. कंदातल्या सायनाइडला जिवाणू सरावायला काही आठवडे जातात. हे आठवडे हंगामाच्या आरंभीच संपतील असे नियोजन करून तपासणीची तारीख मागा, आणि वायूच्या मीटरची रोजची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.