ओएफसी, म्हणजे ऑक्सिजन-फ्री कॉपर: स्पीकरच्या वायरीचा वाद आला कुठून?

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या रामबागेतल्या एका घरी आम्ही अमीर खाँसाहेबांचा मारवा रेकॉर्डवर ऐकायला जमलो होतो. पहिली बाजू संपायच्या आत वाद पेटला. विषय गायकी नव्हता, स्पीकरची वायर होती. यजमानांनी अंगठ्याएवढी जाड, जाळीदार वेष्टनाची नवी जोडी आणली होती. किंमत त्यांनी काकूंसमोर सांगितली नाही. "तानपुरा आता सुटा ऐकू येतो," एवढंच म्हणाले. निम्म्या लोकांना तो सुटा ऐकू आला, निम्म्यांना नाही.

हा वाद इंदूरचा नाही आणि नवाही नाही. तांब्याच्या शुद्धतेची चर्चा १८५८च्या, अटलांटिक समुद्राखालून टाकलेल्या टेलिग्राफच्या तारेपर्यंत मागे नेता येते. तिथे हजारो किलोमीटरचा मामला होता आणि शुद्धतेने खरोखरच फरक पडत होता. दिवाणखान्यात पाच मीटर असतात.

१९७०च्या दशकापर्यंत स्पीकरला दिव्याची वायर लावत आणि विसरून जात. आपल्याकडे ती अजूनही 'चाळीस-शहात्तर' या नावाने मिळते: ४० तंतू, प्रत्येक ०.००७६ इंच जाडीचा. पाच मीटरच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्याने पडणारा फरक डेसिबलच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. सत्तरीच्या अखेरीस एका अमेरिकी कंपनीने जाड वायरीला झगमगीत वेष्टन घालून ती स्वतंत्र वस्तू म्हणून विकायला काढली, आणि धंदा जन्माला आला.

१९८३ साली तिकडच्या एका मासिकाने डोळ्यांआड चाचणी घेतली, म्हणजे कोणती वायर जोडली आहे ते ऐकणाऱ्यांना न सांगता. २४ गेजची अगदी बारीक वायर ऐकणाऱ्यांनी पकडली, कारण तिने आवाजच खाली येत होता. मात्र १६ गेजची साधी वायर (म्हणजे आपल्या चाळीस-शहात्तरच्या जवळपासची) आणि ती महागडी जाड केबल, यांतला फरक संगीत ऐकताना कुणाला सांगता आला नाही. जाडीचा मुद्दा तिथेच निकाली निघाला, असं माझं मत. पण जाडीला किंमत चढवायला मर्यादा असते, म्हणून शुद्धता पुढे आली.

इथे 'ऑक्सिजन-फ्री' या शब्दाची गंमत सांगायलाच हवी, कारण निम्मा गोंधळ त्याचाच आहे. हे तांबं आवाजासाठी बनलं नव्हतं. साध्या विजेच्या तांब्यात दहा लाखांत दोनशे ते चारशे भाग ऑक्सिजन असतो. असं तांबं हायड्रोजनमध्ये तापवलं की आतल्या ऑक्साइडशी हायड्रोजनची क्रिया होऊन वाफ होते, आणि ती वाफ धातूला आतून तडे पाडते. निर्वात नळ्या बनवणाऱ्यांना हे परवडत नव्हतं, म्हणून ऑक्सिजन काढून टाकलेलं तांबं आलं. आणखी एक गोष्ट विक्रेता कधी सांगत नाही: साध्या तांब्यातला तो चिमूटभर ऑक्सिजन मुद्दाम ठेवलेला असतो. तो इतर अशुद्धींना बांधून ठेवतो आणि वाहकता राखायला मदतच करतो.

मग फायदा किती? १९१३ साली ठरलेल्या मापात मऊ तांब्याची वाहकता १०० धरली, त्या मापाने ऑक्सिजन-फ्री तांबं १०१. पाच मीटरची साधी वायर पाच सेंटीमीटरने आखूड कापली की तेवढाच लाभ पदरात पडतो. अख्खी वायर चांदीची घेतली तर सुमारे सहा टक्के, म्हणजे तीस सेंटीमीटर. ग्राहकाच्या मनात मात्र 'ऑक्सिजन नाही' म्हणजे 'वायर कधीच काळवंडणार नाही' असं बसलंय. पारदर्शक वेष्टनात वायर हिरवी पडते ती बाहेरच्या हवेने आणि ओलाव्याने. आत ऑक्सिजन होता की नव्हता, याने तिला सोयरसुतक नाही. पुढे ९९.९९ की ९९.९९९९ अशी नऊ मोजायची शर्यत लागली, मग जपानहून एकसंध स्फटिकाचं तांबं आलं. कानाला काय मिळालं, हा प्रश्न तिथेच राहिला.

मी स्वतः जेल रोडवरून एकदा 'ओएफसी' छापलेलं बंडल आणलं होतं. "बाबूजी, प्योर कॉपर है." वजनाला हलकं लागलं म्हणून घरी ब्लेडने एक तंतू खरवडला, तर तांबूस सालाखाली पांढरा ॲल्युमिनियम. तांब्याचा मुलामा दिलेल्या या वायरीची वाहकता तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. शुद्धतेचा एक टक्का मिळवायला गेलो आणि तेहेतीस गमावून आलो.

चाचण्यांच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे आजही आहेत. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी राहते, म्हणून पास-नापासाची रेघ म्हणून ती सोयीची. केबलवाले म्हणतात, परीक्षेच्या ताणात कान बधिर होतात, महिनाभर घरी ऐकावं लागतं. तक्रार अगदीच पोकळ नाही, पण महिनाभर ऐकतानाही किंमत झाकून ठेवता येते, आणि ते कुणी करत नाही. २००७ साली सुमारे ७,२५० डॉलरच्या केबलच्या एका जोडीवरून, फरक ओळखून दाखवा असं दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं गेलं. निर्मात्याने अंग काढून घेतलं, चाचणी झालीच नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

एका ठिकाणी मात्र केबलवाल्यांचं म्हणणं खरं आहे. टर्नटेबलपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची बारीक वायर. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) ठरावीक कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, लागतो. वायर लांब किंवा भलत्या बनावटीची असली तर तो वाढतो आणि वरच्या स्वरांचा तोल मोजण्याइतका बदलतो. रामबागेतल्या त्या बैठकीत या वायरीचा विषय कुणी काढला नाही. ती टर्नटेबलच्या मागे, भिंतीकडे, धुळीत पडली होती.