नेट झिरो वसाहत आणि स्वच्छ विजेवर चालणारी वसाहत

नवी वसाहत उभी राहणार असली की पर्यावरणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘आपली वसाहत नेट झिरो असेल.’ ते लिहून झालं की स्वच्छ ऊर्जेचा विषय संपला असं बैठकीतल्या सगळ्यांना वाटतं. तिथेच गल्लत होते. नेट झिरो म्हणजे वर्षभरात वापरली तेवढी वीज वसाहतीने स्वतः तयार करणं, आणि त्याचा हिशेब वर्षाअखेरीस होतो. वसाहत खरोखर स्वच्छ विजेवर चालते का, हा हिशेब दर तासाचा आहे.

समजा 100 घरं आहेत आणि प्रत्येक घराला रोज 8 युनिट वीज लागते. एकूण 800 युनिट. छतांवरच्या सौर पॅनेलमधून सरासरी तेवढीच वीज तयार होते. म्हणजे वसाहत नेट झिरो झाली. पण ऊन असताना त्यातली 300 युनिटच वापरली जातात. उरलेली 500 ग्रिडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सार्वजनिक जाळ्यात जातात आणि संध्याकाळनंतर तेवढीच ग्रिडकडून परत घ्यावी लागतात. ती परत येणारी वीज त्या वेळी चालू असलेल्या कुठल्याही केंद्रातून येते, कोळशाच्या किंवा गॅसच्यासुद्धा. कागदावर शून्य असलेल्या या वसाहतीला स्वतःच्या सूर्यप्रकाशाचा थेट लाभ मिळतो तो फक्त 37.5 टक्के.

मोठ्या कंपन्यांनाही हा फरक मान्य करावा लागला आहे. गूगल 2017 पासून वर्षभराच्या वापराइतकी अक्षय वीज खरेदी करत होती. तरीही 2020 मध्ये तिने 2030 साठी वेगळं लक्ष्य जाहीर केलं: प्रत्येक ठिकाणी, दर तासाला कार्बनमुक्त वीज.

म्हणून नेट झिरो टाकाऊ ठरत नाही. किती पॅनेल लागतील हे त्यावरूनच कळतं आणि तपासायलाही ते सोपं आहे, वर्षाची दोन रीडिंग पुरतात. पण नियम जे मोजतो, तेच लोक बांधतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेलं पॅनेल वर्षभरात सर्वाधिक वीज देतं, त्यामुळे नेट झिरोचा नियम सगळी छतं दक्षिणेकडे वळवतो. पश्चिमेकडचं पॅनेल एकूण कमी देतं, पण दुपार कलल्यावर, घरांतला वापर वाढू लागतो त्या सुमाराला जास्त देतं. तासांचा हिशेब ठेवणारा नियम काही छतं आनंदाने पश्चिमेकडे ठेवू देईल.

पाण्याचंही तसंच. टाक्या मोठ्या बांधल्या तर पंप फक्त दुपारी चालवून दिवसरात्र पाणी पुरवता येतं. वर चढवलेलं पाणी म्हणजे साठवलेली वीजच. वरच्या उदाहरणात पंप आणि गाड्यांचं चार्जिंग मिळून 150 युनिट दुपारी सरकवली, तर थेट वापर 300 वरून 450 होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तोही एकही बॅटरी न घेता. मात्र टाकीचं आकारमान आणि चार्जिंगची जागा लेआउट मंजूर होण्याआधी ठरवायला हवी. लोक राहायला आल्यावर टाकी मोठी करायला कोणी तयार होत नाही.

आणखी एक गैरसमज रहिवाशांना फार महागात पडतो. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणारे, ग्रिडला जोडलेले बहुतेक साधे इन्व्हर्टर ग्रिड बंद पडलं की स्वतःही बंद होतात. लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तशी रचना असते. भर दुपारी, छतावर ऊन तळपत असतानाही नेट झिरो वसाहतीची वीज जाते. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे तेव्हाही चालायला हवे असतील, तर बॅटरी आणि ग्रिडपासून वेगळं होऊन चालू शकणारा इन्व्हर्टर यांची अट सूचनांमध्ये वेगळी लिहावी लागते.

आणि यंत्रांच्या आधी भिंती, असं माझं ठाम मत आहे. दक्षिण लंडनमधली बेडझेड ही सुमारे 100 घरांची वसाहत 2002 मध्ये पूर्ण झाली. लाकडाच्या तुकड्यांवर वीज आणि उष्णता देणारं तिचं संयंत्र सतत बिघडत राहिलं आणि काही वर्षांतच बंद पडलं. जाड उष्णतारोधक भिंती आणि सूर्याकडे उघडणाऱ्या खोल्या मात्र आपलं काम करत राहिल्या.

याउलट कॅनडातल्या ओकोटोक्सच्या ड्रेक लँडिंग वसाहतीने साठवणीवर भर दिला. 52 घरांसाठी उन्हाळ्यातली सूर्याची उष्णता 144 विंधनछिद्रांतून जमिनीत साठवायची आणि हिवाळ्यात काढायची. 2007 मध्ये सुरू झालेल्या या यंत्रणेने 2015-16 च्या हिवाळ्यात घरं तापवण्याची सगळी गरज सूर्यावर भागवली. पुढे भाग झिजले आणि 2024 मध्ये ती बंद करण्याची वेळ आली.

त्यामुळे सूचनांचा मसुदा लिहिताना मी तीन आकडे वेगवेगळे मागेन: एका घराला वर्षाला जास्तीत जास्त किती युनिट, वसाहतीची वर्षाची निर्मिती किती, आणि वापराचा किती टक्के भाग त्याच तासाच्या किंवा साठवलेल्या स्वच्छ विजेतून. तिसऱ्यासाठी तासागणिक नोंद करणारे मीटर पहिल्या दिवसापासून बसवावे लागतील, आणि इन्व्हर्टर-बॅटरी बदलण्याचा निधी देखभालीच्या वर्गणीतच धरावा लागेल.